सहा ते नऊ दळण बंद

पिठाच्या गिरणीला खरं गिऱ्हाईक येतं ते संध्याकाळी. दिवसभर नोकरी करून घरी आलेली बाई पिठाचा डबा उघडते, डब्यात खडखडाट असतो, आणि मग ती घरातल्या कोणाला तरी गहू देऊन गिरणीवर पिटाळते. हे काही भाईंदरचंच वैशिष्ट्य नाही, जिथे जिथे पोळ्या लाटतात तिथे असंच असणार. खारी गावातल्या आमच्या गिरणीच्या दारावर मात्र पाटी होती, ‘सहा ते नऊ दळण बंद’. ती मी लावली नव्हती. घरमालकांनी स्वतःच्या हाताने रंगवून लावली होती, तीही मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तीन भाषांत. कोणाला ‘कळलं नाही’ म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

त्यांना मी अंकल म्हणायचे. सगळी खारीच म्हणायची. ते मूळचे उत्तनच्या पुढच्या तारोडीचे. वीज खात्यात अख्खी नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर सासऱ्यांच्या खारीतल्या घरात येऊन राहिले. त्या घराच्या ओसरीलगतची खोली रिकामी होती. आम्ही मराठवाड्यातून आलेले. नवरा भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता, तो कारखाना बंद पडला, आणि आम्ही एक जुनी गिरणी विकत घेऊन बसलो. गिरणी होती, पण ती ठेवायला जागा नव्हती. जागा दाखवणारे पुष्कळ होते. आडनाव विचारलं की मात्र त्यांची ती जागा अचानक भावाला हवी असायची.

अंकलनी आडनाव विचारलंच नाही. मोटर किती हॉर्सपॉवरची, हे विचारलं. मग पट्टा कसा आहे, जुनी मोटर सुरू होताना किती झटका घेते, दिवे मंद होतात का, हे विचारलं. मी आपली अंदाजाने उत्तरं देत होते. शेवटी म्हणाले, जागा देतो, पण संध्याकाळी सहा ते नऊ गिरणी चालवायची नाही. मला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल, किंवा प्रार्थनेची वेळ असेल. मी हो म्हटलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

कारण पहिल्या आठवड्यातच कळलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला एक गुजराती बाई घाईने गहू घेऊन आली, पाहुणे बसलेत म्हणाली, आणि मी हळूच बटण दाबलं. पट्ट्याने पहिला फेरा घेतला नसेल, तोच अंकल दारात उभे. रागावले नाहीत. रागावणं त्यांना जमत नसे.

“बंद कर बाय,” ते म्हणाले. “तिकडं माजा मानूस बसलाय.”

तिकडं म्हणजे कुठे, आणि माणूस कोण, हे मला समजेना. गुजराती बाईला तर वाटलं, घरात कोणी आजारी आहे. ती बिचारी हात जोडून निघून गेली.

तो माणूस कोण, हे आंटींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आंटी म्हणजे अंकलची बायको. अंगाने भरलेल्या, हसताना डोळे मिटणाऱ्या, आणि नवऱ्याचं कौतुक फक्त त्याच्या पाठीमागे करणाऱ्या. अंकलची सारी नोकरी एका खोलीत गेली होती. त्या खोलीत भिंतभर नकाशा आणि दिवे असत. राज्यात कुठे किती वीज तयार होतेय, कुठे किती जातेय, याचा मेळ तिथे बसून घालायचा. संध्याकाळी सहाला सगळ्या राज्यात एकदम दिवे लागतात, पंखे फिरतात, आणि त्या खोलीतल्या माणसाच्या कपाळाला घाम येतो. अंकल आता तिथे नव्हते, पण त्यांच्या खुर्चीवर दुसरा कोणीतरी बसलेला होताच. कोण, ते अंकलना ठाऊक नव्हतं. तरी तो त्यांचा माणूस होता.

“लगीन माज्याशी झाला,” आंटी म्हणाल्या, “पन नांदला त्या खोलीशी.”

संध्याकाळी त्या घरात एकच दिवा जळायचा. जेवण त्या दिव्याखाली, जपमाळ त्या दिव्याखाली, आणि पाहुणे आले तर पाहुणेही त्याच दिव्याखाली. आंटींच्या माहेरची माणसं म्हणायची, हा तारोडीवाला चिकट आहे. तो चिकटपणा असता तर समजण्यासारखं होतं. हाच माणूस नऊ वाजून गेले की व्हरांड्यातला, अंगणातला, संडासातला, सगळे दिवे लावून निवांत पेपर वाचत बसे.

त्यांच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. एक किल्लीचं. दुसरं थेट विजेवर चालणारं, कुठल्या तरी जुन्या सामानातून पैदा केलेलं. दोन्ही कधीच जुळत नसत. दिवसभर आणि विशेषतः संध्याकाळी विजेचं घड्याळ मागे पडायचं, आणि पहाटेपर्यंत त्यातलं थोडं भरून काढायचं. गावातलं कोणी वेळ विचारायला आलं की अंकल विचारत, “कोनता सांगू? खरा का करंटचा?” लोक मग वेळ विचारायलाच यायचे बंद झाले.

मी एकदा त्यांना म्हटलं, ते बिघडलेलं घड्याळ टाकून द्या. ते उडालेच. घड्याळ बिघडलेलं नाही, ते म्हणाले, देश बिघडलाय. मग त्यांनी मला बसवून जे सांगितलं ते मी आयुष्यात विसरले नाही. पाणी टाकीत राहतं, पीठ डब्यात राहतं, वीज कशात राहत नाही. मी बटण दाबते त्याच क्षणाला कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा, सगळ्यांची वीजघरं एकाच तारेला बांधलेली आहेत आणि एकाच तालात फिरतात. लोकांनी तयार होते त्याहून जास्त ओढली की सगळ्या चाकांचा ताल एकदम उतरतो, नागपूरला उतरतो तसाच सुरतेला. त्या तालावर हे घड्याळ चालतं. म्हणून ते मागे पडलं की समजायचं, कोणीतरी आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओढतंय. ताल फारच उतरला तर वीजघरं स्वतःला वाचवायला तारेतून सुटतात, एक सुटलं की बाकीच्यांवर भार, मग दुसरं सुटतं, आणि सगळा पश्चिम भाग काळोखात.

मी विचारलं, मग जास्त ओढणाऱ्याला कोणी काही बोलत नाही का?

“बोलतात की. फोनवर,” अंकल म्हणाले. “मी पन लई बोललो. पन ओढनाऱ्याला दुपारी पन तोच भाव, सांजचा पन तोच भाव. मंग तो कशाला ऐकेल?”

आमच्या गावाकडे चार घरांत एक विहीर असली की पाळ्या ठरलेल्या असत. पाळी मोडणाऱ्याच्या घरावर माणसं जात. मी अंकलना हे सांगितलं, तर ते इतके खूश झाले की त्यांनी आंटींना हाक मारून मला चहा द्यायला सांगितला. पुढे कित्येक दिवस ते येईल त्याला माझ्या गावाची विहीर ऐकवत होते. विहीर त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण सांगता सांगता ती बरीच खोल झाली होती.

त्या खोलीतली आणखी एक सवय त्यांच्याबरोबर खारीत आली होती. तिथे फोनवरून हुकूम द्यायचा, की अमुक लाईन बंद कर, तमुक सुरू कर. ऐकण्यात चूक झाली तर तारेवर चढलेला माणूस मरायचा. म्हणून ऐकणाऱ्याने हुकूम परत बोलून दाखवायचा, मगच फोन ठेवायचा. अंकल हा नियम साऱ्या जगाला लावत. भाजीवाल्याला अर्धा किलो भेंडी सांगितली की म्हणायचे, “परत बोल.” भाजीवाला उत्तरेकडचा, नवा होता तेव्हा त्याला वाटलं की म्हातारा घासाघीस करतोय. तो दर वेळी भाव थोडा कमी करून परत बोलायचा. माझी मुलगी झाली तेव्हा नवरा धावत सांगायला गेला. अंकल म्हणाले, परत बोल. नवरा म्हणाला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला आणि त्याला मिठी मारली.

लाईट गेली की त्यांचं खरं रूप दिसायचं. त्या वर्षांत ती जायचीच. शेजारच्या इंद्रलोक भागातल्या नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, प्रत्येकीला पंप आणि लिफ्ट, आणि खारीला मिळणारी वीज म्हणजे पंगतीत शेवटी बसलेल्याच्या वाट्याला येणारी भाजी. अंधार झाला की सगळं गाव बाहेर येऊन ‘लाईट गेली, लाईट गेली’ ओरडायचं. अंकलना हे वाक्य खपत नसे. लाईट जात नाही, ते म्हणत, कोणीतरी ती नेतं. मग टॉर्च घेऊन ते दारोदार फिरायचे आणि प्रत्येकाला बटणं बंद करायला लावायचे. फ्रीज, पंखे, इस्त्री, सगळं. कारण वीज परत येईल तेव्हा सगळ्यांचं एकदम सुरू झालं तर त्या धक्क्याने ती पुन्हा जाईल. लोक हसायचे. “अंकल, लाइट है ही नहीं तो बंद क्या करें?” असं इमारतीतली पोरं मुद्दाम विचारायची. अंकल त्यांना समजावत बसायचे, दर वेळी तितक्याच शांतपणे. आमच्या गल्लीतली वीज आल्यावर टिकायची आणि पलीकडच्या गल्लीतली दोनदा जाऊन यायची, हे सगळे बघत होते, पण कोणी कबूल करायचं नाही.

माणूस इतका कडक असेल तर त्याने कधी स्वतःच्या माणसालाही सोडलं नसणार, असं मला वाटायचंच. तेही आंटींनीच सांगितलं. तारोडीला अंकलच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. अंकलना रजा मिळाली नाही. संध्याकाळी विजेचा ताल उतरू लागला आणि कोणता तरी भाग बंद करणं आलं. भागांच्या पाळ्या ठरलेल्या असत. त्या दिवशी पाळी उत्तनच्या बाजूची होती. शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, आज पुढचा घे, उद्या हा घेऊ. अंकलनी फोन उचलला, हुकूम दिला, परत बोलून घेतला, आणि बहिणीच्या मांडवातले दिवे गेले. वऱ्हाडाने कंदिलावर जेवण केलं. बहीण वर्षभर बोलली नाही. दिवे कोणी घालवले हे तिला कधी कळलंही नसतं, पण दुसऱ्या दिवशी अंकल स्वतःच जाऊन सांगून आले.

मी या माणसावर चिडत नव्हते असं समजू नका. संध्याकाळी रस्त्याने डबे घेऊन माणसं जायची, स्टेशनकडच्या गिरणीवर, आणि मी पाटीखाली हात बांधून बसायचे. एकदा मी चांगलं भांडलेही. म्हटलं, माझ्या एका मोटरीने तुमचा पश्चिम भाग बुडणार आहे का? ते म्हणाले, नाही बुडणार. म्हटलं, मग? तर म्हणाले, प्रत्येकाची एकच मोटर असते. मी गिऱ्हाईकच बदलायचं ठरवलं. दुपारी दळायला टाकणाऱ्या बायका शोधल्या. सकाळी कामावर जाताना डबा ठेवा, संध्याकाळी येताना दळलेला घेऊन जा, असं इंद्रलोकच्या इमारतींत घरोघर सांगून आले. दुपारी आधी तांदूळ, मग गहू, मग ज्वारी-बाजरी, म्हणजे एकाचं पीठ दुसऱ्यात जायला नको. जैन बायकांना हे फार आवडलं. दोनेक वर्षांत ओटा डब्यांनी भरायला लागला. पण ते मी अंकलच्या नियमावर चिडून केलं होतं, त्यांचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे.

नव्वदीचं दशक सरता सरता पेपरात एक जाहिरात आली. विजेचे दर आता सरकार आणि वीज कंपनी आपापसात ठरवणार नव्हते. मध्ये एक आयोग आला होता, न्यायालयासारखा. कंपनीने आपला खर्च त्याच्यापुढे मांडायचा, कोणाला किती दर लावणार ते सांगायचं, लोकांनी हरकती घ्यायच्या, आणि सगळ्यांसमोर सुनावणी होऊन मग निकाल. अंकलनी ती जाहिरात कापून भिंतीवर दोन घड्याळांच्या मध्ये चिकटवली. इतके आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, आता कंपनीला पन परत बोलायला लागेल.

त्या प्रस्तावातलं एक कलम मात्र माझ्या मुळावर येणारं होतं. पिठाच्या गिरण्या आजवर लघुउद्योगाच्या दरात होत्या. त्यांना उचलून दुकानांच्या दरात टाकायचं कंपनीने मांडलं होतं. दुकानाचा दर म्हणजे आमच्या दळणावळीत वीजबिलच जेमतेम निघालं असतं. दळणाचा भाव वाढवावा तर बायका तयार पिठाच्या पिशव्यांकडे वळणार, आणि न वाढवावा तर गिरणी बंद. घरात दुसरी मिळकत नव्हती. मुलगी शाळेत जायला लागली होती. नवरा नुसता गिरणीच्या दगडाला छिन्नीने टाकी लावत बसे, गरज नसताना.

भाईंदरच्या गिरणीवाल्यांची संघटना होती. तिचे अध्यक्ष एक शेठ, स्टेशनकडे त्यांच्या तीन गिरण्या. त्यांच्या कानावर गेलं की माझे घरमालक वीज खात्यातले निवृत्त इंजिनीअर आहेत. ते स्वतः पेढे घेऊन खारीत आले. अंकलनी पेढा खाल्ला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी येईन, पण खरं असेल तेच बोलेन. शेठ म्हणाले, अहो, आम्हाला तेच पाहिजे. बिचाऱ्यांना अंकल माहीत नव्हते. मला माहीत होते.

सुनावणी मुंबईत एका मोठ्या सभागृहात होती. पुढे आयोगाची माणसं, एका बाजूला कंपनीचे अधिकारी आणि वकील, आणि इकडे आम्ही. यंत्रमागवाले, कारखानदार, सोसायट्यांचे सेक्रेटरी, आणि मागच्या दोन रांगांत आम्ही पीठवाले. अंकल लग्नातला कोट घालून आले होते. त्यांची पाळी आल्यावर ते उठले आणि पहिलं वाक्य आम्हाला हवं तेच बोलले. गिरणी म्हणजे दुकान नव्हे. ती यंत्र चालवून धान्याचं पीठ करते, तो उद्योग आहे. शेठनी वळून माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मग अंकल म्हणाले की दुसरा मुद्दा असा, संध्याकाळी सहा ते नऊ जो कोणी गिरणी चालवेल त्याला जास्त दर लावावा. दुपारी चालवेल त्याला कमी लावावा. आणि हे फक्त गिरण्यांना नव्हे, हळूहळू सगळ्यांना, राज्याराज्यांनासुद्धा लावावं. वाईट वेळेला ओढणाऱ्याने वाईट वेळेचा भाव द्यायलाच हवा, त्याशिवाय तार शाबूत राहणार नाही.

सभागृहात हसू फुटलं. आमच्या दोन रांगा मात्र हसत नव्हत्या. शेठ दातओठ खात माझ्या कानाशी म्हणाले, “भाभी, हा तुमचा अंकल कुणाकडून बोलतोय? उद्यापासून संघटनेत तुम्ही नाही.”

कंपनीच्या वकिलाला तर आयतं घबाड मिळालं. तो उठून म्हणाला, पाहा, यांचा माणूसच सांगतो की गिरण्या संध्याकाळी चालतात. गिऱ्हाईक संध्याकाळी येतं, तेव्हाच दळावं लागतं. गिऱ्हाईक येईल तेव्हा उघडं राहायचं, हाच तर दुकानाचा धर्म. मग दुकानाचा दर का नको? आणि संध्याकाळी गिरणी बंद ठेवणं ही या गृहस्थांची कल्पना आहे, कुठल्याही गिरणीवाल्याला ते जमणार नाही.

आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, गिरणीवाल्यांपैकी कोणाला यावर बोलायचंय का? शेठ खाली बघत होते. संध्याकाळी तीन गिरण्या धडधडत ठेवणारा माणूस यावर काय बोलणार? मी उठले. का उठले ते आजही सांगता येणार नाही. वकिलाने लगेच विचारलं, मीटर कोणाच्या नावावर आहे? मी म्हटलं, घरमालकांच्या. तो म्हणाला, मग या ग्राहक नाहीत, यांना हरकत घेता येणार नाही. मी बसले. अध्यक्ष म्हणाले, हरकत म्हणून नको, माहिती म्हणून ऐकू. बोला बाई. तुमच्या घरमालकांचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का?

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि संघटना माझ्या पाठीशी राहिली असती.

“मी आजवर एकही दिवस संध्याकाळी गिरणी चालवली नाही,” मी म्हटलं. “यांनी चालवू दिली नाही. गिऱ्हाईक सकाळी डबा ठेवतं, मी दुपारी दळते, ते संध्याकाळी घेऊन जातं. दुकानदाराला असं करता येत नाही साहेब. साडी दुपारी विकून ठेवता येत नाही. दळण ठेवता येतं. आम्ही वेळ बदलू शकतो, म्हणून आम्ही दुकान नाही.”

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. मग माझी वाक्यं त्यांनी त्यांच्या शब्दांत मला परत वाचून दाखवली आणि विचारलं, बरोबर? मी हो म्हटलं. शेजारी अंकल कोटाच्या बाहीने डोळे पुसत होते, पण ते बोलण्यामुळे की परत वाचण्यामुळे, हे त्यांनाच ठाऊक.

निकाल काही महिन्यांनी आला. गिरण्या लघुउद्योगातच राहिल्या. संध्याकाळच्या वेगळ्या दराचा विचार लहान ग्राहकांसाठी आत्ता नको, पुढे बघू, असं आयोगाने म्हटलं होतं. शेठ पेढे घेऊन आले, पहिल्यापेक्षा मोठा पुडा. अंकलनी निकाल दोनदा वाचला आणि अर्धाच पेढा घेतला. अर्धंच जिंकलो, म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागे सरकले. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं ते आता इथे म्हणते. ज्या नियमावर मी रोज संध्याकाळी चडफडत होते, त्या नियमाने मला उभं राहायला जागा दिली. त्या माणसाचे उपकार माझ्या घरातल्या प्रत्येक भाकरीवर आहेत.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्या वकिलाने मला बसवलं ते त्यांच्या मनात सलत होतं. एका सकाळी कागदपत्रं घेऊन आले आणि मला वीज कंपनीच्या कचेरीत घेऊन गेले. गिरणीचा मीटर माझ्या नावावर करायचा होता. खिडकीवरचा कारकूनसुद्धा चाट पडला. भाडेकरूच्या नावावर लाईटबिल करून देणारा घरमालक त्याने पाहिला नव्हता, आणि भाईंदरमध्ये कोणीच पाहिला नसेल. लाईटबिल नावावर आलं की भाडेकरूचा पाय जागेत रोवला जातो, म्हणून घरमालक मरेपर्यंत ते सोडत नाहीत. नवऱ्याचं नाव लावू का, असं मी विचारलं. अंकल म्हणाले, सुनावणीला कोण बोललं? त्याचंच नाव.

आंटींच्या भावाचा मुलगा पुढे त्या घराचा वारस होता. तो येऊन अंकलशी बरंच भांडला. इमारती खारीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या आणि त्याच्याकडे बिल्डर फेऱ्या मारत होते. मी रडवेली होऊन अंकलना म्हटलं, तुमच्या घरात माझ्यामुळे भांडण नको, नाव परत फिरवा.

“मी गेल्यावर तो इकनार,” अंकल म्हणाले. “इकू दे. घर त्याचा हाय. पन इकताना त्याला तुला इचारायला लागला पायजे. समजला?”

मी समजलं म्हटलं. खरं तर समजलं नव्हतं.

आधी आंटी गेल्या, मग दोन वर्षांनी अंकल. तारोडीच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं तेव्हा ती बहीण माझ्या शेजारी उभी राहून रडत होती. वर्ष झालं असेल नसेल, भाचा बिल्डरला घेऊन आला. आम्ही नवराबायको गिरणीत होतो. वाटलं, आता डबे आवरायची वेळ आली. बिल्डरने ओसरीवर बसून फाईल उघडली, भाच्याच्या नावाचे कागद एकेक करून पाहिले, मग लाईटबिल पाहिलं. त्याने भाच्याकडे बघितलं, भाच्याने मान खाली घातली. बिल्डर खुर्ची उचलून गिरणीच्या दारात आला आणि माझ्यासमोर बसला.

“बोला ताई,” तो म्हणाला, “तुम्हाला काय पाहिजे?”

मी म्हटलं, “गिरणीला जागा. तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला.”